बिनखिशाचा शर्ट

लोहा गावच्या बाजारात बसवंतनं शिलाईचं दुकान टाकलं आन् पहिलं कापड घेऊन आला कोण, तर सटवाजी. ज्याचं डोकं फोडून बसवंत जेलात गेला होता, तोच!

"आत काय शिकून आला, पाहू तरी," म्हणत कापड टेबलावर फेकून गेला.

बसवंतनं जीव ओतून शर्ट शिवला. कॉलर अशी कडक की बघणाऱ्यानं सलामच ठोकावा. पण शर्ट नेला त्याच दिवशी सटवाजी तो घालून बोंबलतच परत आला. एका मुठीत तंबाखूची पुडी, दुसरीत मोबाईल.

"बश्या, हे ठिवू कुठं? तुह्या डोक्यावर?"

बसवंतनं पाहिलं. शर्टाला खिसाच न्हवता! आत सगळे कैद्यांचे शर्ट शिवले, त्यांना खिसा नसायचा. हाताला वळणच तसं लागलेलं.

समोरच्या पानटपरीवरली माणसं लगेच उठून आली. फुकटची मारामारी कोण सोडतंय?

"मला बी कैदी करतो का रे?" सटवाजीला चेव आला. "तू डोस्की फोड, शिवायचं तुहं काम न्हाई!"

बसवंतची कानशिलं तापली. मूठ वळली. मागं त्याची बायको वर्षाराणी बटनं लावून राहिली होती, तिचा हात थांबला. तिनं आधीच बजावलेलं, "आता कुणावर हात उचलला तर मी चालले किनवटला माहेरी. मंग तुमी आन् तुमचं जेल."

जेलात राग आवरायचा वर्ग घ्यायला विनीताताई यायच्या. शिवणवाल्यांना त्यांचं एकच सांगणं, राग आला की आधी सुईत दोरा ओवायचा, मंगच तोंड उघडायचं.

बसवंतनं सुई उचलली. पण दोरा काही नेढ्याला शिवंना.

"बोल की!"

"थांबा मामा. ओवून राहिलो."

"आरं, काय येडा का खुळा?"

"ओवल्याबिगर बोलायचं न्हाई मला."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. दोरा पुन्हा बाहेरूनच गेला. शेवटी सटवाजीलाच राहवलं न्हाई.

"तिरपा काप की दोरा! धर नीट." आन् तोच वाकून नेढ्यात पाहायला लागला. त्याच्या कपाळावरली टाक्यांची खूण आली बसवंतच्या नाकापुढं.

दोरा गेला. बसवंतनं श्वास सोडला.

"चुकलं मामा. खिशाचं बी, आन् डोक्याचं बी." मंग हळूच म्हणला, "पण डागदरानं टाके लई वाकडे घातले तुमाला."

सटवाजीनं कपाळावरली खूण चाचपली. मंग पोट धरून हसला. शर्ट काढून बनियनवरच स्टुलावर बसला.

"दोन खिसे लाव. एक आतून, तंबाखूचा. तुह्या मामीला कळू देऊ नको."

"मी सांगणार हाव मामीला," वर्षाराणी मागून म्हणली आन् बटन लावायला लागली.

पानटपरीवाले हिरमुसून आपल्या जागेवर गेले.