पाकिटावरची सिना सिगांग

डोंगरातल्या बारिओ गावात सकाळपासून नुसती धांदल! डुकराचं मटण रटरटत होतं, बायका पानांत मऊ भाताचे गोळे बांधत होत्या, आणि सिना सिगांगचे पाय काही जमिनीवर ठरत नव्हते. चार वर्षं वाट पाहिल्यावर सुनेला मुलगा झाला होता. तिथली रीतच अशी, मूल झालं की आईबापाचं नाव बदलायचं, नातवंड झालं की पुन्हा. आज गावजेवणात तिचं ‘सिना’ हे आईपणाचं नाव उतरणार आणि आजीपणाचं चढणार. मग जुन्या नावानं कुणी हाक मारली तरी तिनं ओ द्यायची नाही.

आणि नेमका आजच सकाळच्या विमानानं लिम उतरला. हा तांदळाच्या कंपनीचा माणूस. गावचा तांदूळ परदेशात विकला जायचा तो पाकिटावर सिना सिगांगचा फोटो आणि नाव छापून. लिमनं तीन वर्षांचा करार सहीसाठी आणला होता. जेवण कशाचं ते कळल्यावर बिचाऱ्याचा चेहराच उतरला. पाकिटं छापून झाली होती आणि गिऱ्हाइकं तेच नाव ओळखत होती. जेवा, नाचा, पण नाव तेवढं तीन वर्षं राहू द्या, असं तो काकुळतीनं विनवू लागला. नाहीतर साहेब करार करणार नाहीत म्हणे.

सिनाच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या एकटीचं असतं तर तिनं त्याला तिथल्या तिथे उडवून लावलं असतं. पण अख्ख्या गावाचा तांदूळ त्या पाकिटांतून जात होता. मेल्याला आजचाच दिवस सापडला, म्हणून तिची जाऊ पुटपुटली.

सगळ्यांना जरा बरं वाटावं म्हणून लिमनं मोबाइलवर आपल्या दोन वर्षांच्या लेकीचा फोटो दाखवला.

“गोड आहे हो,” सिना म्हणाली. “ही झाली तेव्हा तुला काय नाव मिळालं?”

“मला? मी लिमच. नाव तिचं ठेवलं.”

बायका हळहळल्या. बाप होऊन दोन वर्षं झाली, आणि याला कुणी साधं नावही दिलं नाही! सिनाचा राग कुठच्या कुठे गेला. तिला त्याची खरंच कीव आली.

“म्हणून तुला कळलं नाही बाबा, तू काय मागतोयस ते.”

ती उठली आणि तडक मंडपातल्या माईकपाशी गेली. नावं जाहीर करणाऱ्या गावच्या म्हाताऱ्यानं तिला नवं नाव विचारलं.

“तेपुह उलुन,” तिनं आजीपणाचं नाव ठणकावून सांगितलं.

मंडप दणाणला. हात मिळवायला ही रांग लागली! रांगेत लिमही होता. हातातल्या करारावर त्यानं जुनं नाव खोडून नवं लिहिलं होतं.

“तेपुह उलुन,” तो अडखळत म्हणाला, “साहेबांना काय सांगू?”

“सांग, नातू झाला.”