बिनवायरची सुरी

आर्डिस लाहतीची जुनी सुरी सुरू झाली की अख्ख्या तळ्याकाठाला कळायचं. आधी एक खाकरा, मग घरघर, मग टेबलावरची मिठाची बरणीसुद्धा थरथरू लागायची. मुलं म्हणायची, "म्हातारी उठली!" आर्डिस विचारायची, "कोणती?" आणि मुलं खिदळायची.

पाहुण्यांना भाड्यानं दिलेल्या कॉटेजांच्या मागे, जाळीच्या खिडक्यांची एक खोली होती. पाहुण्यांनी धरलेले मासे तिथं साफ करायचे. लांब टेबल, पांढरे प्लॅस्टिकचे पाट, पाण्याचा नळ आणि भिंतीत विजेचं एकच बटण. आर्डिसनं गावच्या शाळेत जन्मभर तिसरीचा वर्ग सांभाळला होता. शाळा सुटली, तरी शिकवायची खोड सुटली नाही. म्हणून उन्हाळ्यात दर शनिवारी सकाळी ती या खोलीत पाहुण्यांच्या मुलांना मासा साफ करायला शिकवायची. विजेवरची सुरी मुलांच्या हाती द्यायला आयाबाया घाबरायच्या. आर्डिस म्हणायची, "न शिकवता हाती दिली तर घाबरा."

यंदा बर्फ वितळून तळं मोकळं झालं आणि म्हातारीच्या पोटातून जळका वास यायला लागला. आर्डिस नवी सुरी बघायला गावातल्या दुकानात गेली. सोबत ओरिन होता. ओरिन तिचा दीर, तिच्या नवऱ्याचा, आर्वोचा, धाकटा भाऊ; पाहुण्यांना मासेमारीला नेणारा गाइड. आर्वो गेल्यापासून तिची लाकडं फोडून देणं, छपरावरचा बर्फ ओढून काढणं, सगळं तोच बघायचा.

"वायरवालीच घेते," आर्डिस म्हणाली. "बॅटरी ऐन वेळी मान टाकते."

"अगं, जग कुठं चाललंय आणि तू कुठं! ही बघ. होडीत चालव, काठावर चालव, रानात चालव."

"मला कशाला रानात चालवायची? माझं टेबल काय पळून चाललंय?"

तिनं दोन-तीन सुऱ्या हातात तोलून पाहिल्या. बटण अंगठ्याखाली येतं की बोटाखाली, पातं वाकवलं तर परत सरळ होतं की नाही, ओल्या हातातून मूठ निसटेल का. लहान मुलांच्या हाताला काय जमेल, तेच तिच्या डोक्यात होतं. काही न घेता ती परत आली.

आठवड्यानं ओरिन तीच बिनवायरची सुरी घेऊन तिच्या दारात उभा.

"ही घे. माझ्याकडून. नाही म्हणू नकोस."

आर्डिसचे डोळे भरून आले. पण सुरी हातात घेण्याआधी ती आत गेली आणि डब्यातलं तांब्याचं एक सेंट घेऊन आली. त्यांच्या लोकांत सुरी कुणी फुकट घेत नाही. फुकट आलेली सुरी आधी नातं कापते, मग मासा. एक नाणं द्यायचं, म्हणजे ती विकत घेतल्यासारखी होते.

"अजून आजीचं खूळ आहे का तुझ्यात?" ओरिन हसला. पण त्यानं नाणं घेतलं आणि शर्टाच्या खिशात टाकून वरून थोपटलं. "झालं. आता काही कापलं जायचं नाही."

सुरी गुणाची निघाली. हलकी, गप्प. बॅटरीनं कधी मान टाकली नाही. आर्डिस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "दिरानं दिली हो." म्हातारी फळीवर जाऊन बसली.

त्या उन्हाळ्यात आर्डिसच्या मनाला एकच हुरहूर होती. सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सणाला, शेकोटी पेटते त्या दिवशी, तिच्या घरी आर्वोच्या तळ्यातला वॉलआय मासा तळला जायचा. यंदा तो आला नव्हता.

आर्वोचं तळं नकाशावर होतं, पण त्याला नाव नव्हतं. दलदलीतून होडकं खांद्यावर घेऊन चालत जावं लागायचं. पाणी काळ्या चहासारखं. आणि तिथल्या वॉलआयच्या अंगावर निळा चिकटा असायचा. मासा धरला की तळहात निळा व्हायचा, जणू शाईची दौत सांडली. आसपासच्या दुसऱ्या कुठल्याच तळ्यात असा मासा नव्हता. आर्वोला ते तळं तरुणपणी सापडलं. त्यानं दोघांनाच सांगितलं, बायकोला आणि भावाला.

"हे तळं म्हणजे एक ताटली आहे," तो म्हणायचा. "तिघं जेवतील. चौथा बसला की चारही उपाशी."

वर्षातून एकदा जायचं, एका जेवणापुरते मासे आणायचे. मोठी मादी आली तर पाण्यात परत सोडायची. शेवटच्या आजारपणात त्यानं ओरिनचा हात धरून तेवढंच मागितलं होतं. ओरिन रडत "हो" म्हणाला होता. पुढं आर्डिसचे गुडघे गेले, दलदल तिला जमेना. तेव्हापासून ओरिन एकटाच जायचा आणि सणाला तिच्यापुरते मासे आणून द्यायचा.

"यंदा नाही जमलं गं," या वेळी तो म्हणाला होता. "दलदल फार माजलीय. कमरेपर्यंत रुतलो, मागं फिरलो."

"जाऊ दे. तू जिवंत आलास ना?" असं म्हणून तिनं त्याला गोड पावाचा मोठा तुकडा बांधून दिला होता.

त्यानंतरच्या एका शनिवारी मेरिट क्लाउसेन नावाची मुलगी खोलीत आली. आयोवाहून आलेली, दहा वर्षांची, पुढचे दोन दात मोठे. बाकीची मुलं अजून नाश्त्याला होती. मेरिटच्या हातात बर्फाची पेटी होती.

"बाई, आमचे मासे कापून झालेत. पण आई म्हणते, कातडीचा तुकडा काढल्याशिवाय तळणार नाही. तो काढायला शिकवाल?"

"शिकवीन की. पण तो तुकडा ठेवलाय कशाला, ते माहीत आहे का?"

"वॉर्डनसाठी, मासे तपासतो ना, त्याच्यासाठी. माशाच्या प्रत्येक फाकेवर कातडीचा एक तुकडा खवल्यांसकट ठेवायचा, म्हणजे मासा कोणता ते त्याला कळतं. नाहीतर दंड!"

"शाब्बास. म्हणजे काय, मासा गेला तरी त्याचं ओळखपत्र मागं राहतं." आर्डिसनं तिच्या डाव्या हातात जाळीचा हातमोजा चढवला. "आता फाक पाटावर घे. कातडी खाली. पातं कातडी आणि मांस यांच्या मधे आडवं. बटण दाब. ढकलू नकोस! दात सुरीला आहेत, तुला नाहीत."

"मला आहेत!"

"ते दिसतायत. हात सैल सोड. सुरी आपणहून चालते, आपण नुसतं बोट धरून न्यायचं. आवाज ऐक. मऊ आवाज म्हणजे मांस. कडक झाला की थांब, काटा लागला."

सुरी गुणगुणली. पातं सरकलं, तुकडा सुटला. मेरिटनं जीभ बाहेर काढून फाक बाजूला केली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या पाटाला रंग लागला."

पांढऱ्या पाटावर निळा ओघळ होता.

आर्डिसनं तो बोटानं पुसला. बोट निळं झालं. तिनं पेटीत पाहिलं. सगळ्या फाकांवर तोच निळा चिकटा, तळाला साचलेलं पाणीही निळसर. फाका चांगल्या रुंद होत्या. परत सोडायच्या माद्यांच्या.

"कुठं धरलेत हे, बाळ?" तिचा आवाज वर्गात असायचा तसाच होता.

"एका गुप्त तळ्यावर! ओरिननं नेलं. सारखं सारखं नेतो तो लोकांना, पण तिथल्या तिथं सगळं साफ करायचं, असा त्याचा नियम आहे. त्याच्याकडे अश्शीच सुरी आहे, बिनवायरची. खडकावर बसून कापतो. मला म्हणाला, मासे त्या खोलीत नेऊ नकोस." मेरिट एकदम थांबली. "अय्या. ही तीच खोली का?"

"हीच."

"मग तुम्ही सांगू नका हं त्याला."

"नाही सांगत. दुसरी फाक घे. हात सैल."

आर्डिसनं सगळ्या फाका होईपर्यंत शिकवलं. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मेरिट गेल्यावर तिनं नळ सोडला, पाट घासला. पाट स्वच्छ झाला, तरी ती घासतच राहिली. दुकानातलं बोलणं तिला आता शब्द न् शब्द आठवत होतं. काठावर चालव, रानात चालव. तेव्हा वाटलं होतं, माझ्या सोयीचं बोलतोय.

ओरिन त्याच्या शेडमध्ये होता. दार उघडं होतं. त्यानं हसून कॉफीचा थर्मास पुढं केला. आर्डिसनं आपलं निळं बोट वर केलं.

तो बोटाकडे पाहत राहिला.

"दलदल माजली होती ना?" ती म्हणाली.

"आर्डिस, बस जरा."

"बसायला नाही आले."

"हे बघ, तळं काय आर्वोच्या बापाचं होतं?"

"आर्वोचा बाप तोच तुझा बाप. त्याचं नव्हतं. कुणाचंच नव्हतं. शब्द मात्र तुझा होता."

ओरिननं टोपी काढली, परत घातली. "लोक येतात लांबून. मोठ्या तळ्यावर हल्ली काय मिळतं? रिकाम्या हातानं परत गेले की पुढच्या वर्षी दुसरा गाइड शोधतात. माझी दुखरी पाठ, माझं घर... तू एकदा तरी विचारलंस?"

"तू सांगितलंस? माझी लाकडं फोडताना रोज दारात होतास."

"तुला वाईट वाटू नये, म्हणून तर सगळं तिथंच साफ करायचो. मासा तुझ्या टेबलावर येऊ दिला नाही. एवढी काळजी घेतली."

"मला वाईट वाटू नये म्हणून, की मला कळू नये म्हणून?"

आर्डिसची नजर मागच्या फळीवर गेली. तिथं एक लांबट खोकं उघडं पडलं होतं. आत सुऱ्या ठेवायचे दोन खळगे, शेजारी शेजारी. एकात त्याची सुरी होती. दुसरा रिकामा.

"जोडीनं मिळाल्या वाटतं," ती म्हणाली.

"दुकानदार एकावर एक देत होता." तो घाईनं पुढं म्हणाला, "पण मी दुसरी कुणालाही देऊ शकलो असतो. तुलाच दिली."

आर्डिसनं पिशवीतून आपली सुरी काढली. धुऊन, पुसून, म्यानात घालून आणली होती. तिनं ती त्या रिकाम्या खळग्यात ठेवली. चपखल बसली.

"माझं नाणं दे."

"काय?"

"सेंट. जे देऊन ही विकत घेतली, ते."

"आर्डिस, वेडेपणा करू नकोस. एका नाण्यासाठी..." त्यानं खिशात हात घालून चिल्लर काढली आणि तिच्यापुढं धरली. "हे घे, हवी तेवढी घे."

"तेच दे. मी दिलेलं."

ओरिननं चिल्लर परत खिशात टाकली. मग त्यानं गळांची पेटी उघडली. झाकणाच्या आत चिकटपट्टीखाली ते तांब्याचं नाणं होतं. जपून लावलेलं, वर धुळीचा कणही नव्हता. आर्डिसला वाटलं, हरवलं असतं, खर्चून टाकलं असतं, तर बरं झालं असतं. हे नाणं सोबत घेऊनच तो दर खेपेला तळ्यावर जात होता.

त्यानं नखानं चिकटपट्टी सोलली आणि नाणं तिच्या तळहातावर ठेवलं.

"लाकडं येऊ ना फोडायला?" तो हळूच म्हणाला.

"माझी मी बघेन," ती म्हणाली आणि वळली.

वाटेत ती दुकानात थांबली, पिशवीतून म्हातारी काढली आणि तिची तक्रार सांगितली. दुकानदारानं नुसता आवाज ऐकला आणि ती उघडली. "मोटरमधला कार्बन झिजलाय फक्त. बदलून देतो. नवी कशाला घेतलीत मग?"

"नाही घेतली," आर्डिस म्हणाली.

पुढच्या शनिवारी खोली मुलांनी भरली. त्यांच्या सोबत वडीलमाणसं होती, त्यांच्या हातात बादल्या. आता काही लपवायचं उरलं नव्हतं. ओरिननं नेलेल्या एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तळ्याला जायची वाट कागदावर काढून दिली. अखंड मासे पाटांवर पडले आणि एकामागून एक पाट निळे झाले. लोक कौतुकानं बोटं दाखवत होते, फोटो काढत होते. एका माणसाच्या बादलीत आर्डिसच्या हाताएवढी लांब मादी होती, पोट अंड्यांच्या जागी सैल पडलेलं.

"बाई, असा निळा मासा कुठंच नाही म्हणे!" तो म्हणाला.

"नाही," आर्डिस म्हणाली. "कुठंच नाही."

तिनं फळीवरून म्हातारी काढली आणि वायर भिंतीत खोचली. मेरिट टेबलाच्या पार त्या टोकाला, आपला मासा घेऊन उभी होती.

"बाई, नवी सुरी कुठंय? हिची वायर इथवर पुरत नाही."

"नाहीच पुरत. तूच इकडे सरक."

मेरिट सरकली. आर्डिसनं तिच्या हातात मोजा चढवला, मासा पाटावर आडवा केला आणि कल्ल्याच्या मागे बोट ठेवून दाखवलं, पहिला काप कुठं द्यायचा ते. मग बटण दाबलं. म्हातारीनं खाकरा काढला आणि मिठाची बरणी थरथरू लागली.