मलिद्याची परात आणि दहावा माणूस

मी एक जुनी पितळी परात आहे, मित्रांनो. पण कणीक मळायच्या परातींमध्ये मला बसवू नका. मी मलिद्याची परात. नाशिकच्या भांडीबाजारात चंदर तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. काम करताना तो गात असे, म्हणून त्याच्या हातोडीचा मार मी मुकाट्याने सोसला.

मला विकत घेतलं सिपोराबाई वाक्रूळकरांनी. त्यांचे यजमान नाशिकरोडच्या छापखान्यात नोकरीला होते. ही माणसं बेने इस्राएल, म्हणजे फार पूर्वी कोकणच्या किनाऱ्याला लागलेले आणि आता मराठीतच हसणारे-भांडणारे ज्यू. घरात शुभकार्य असलं किंवा नवस फेडायचा असला की ते एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, भोवती केळी आणि खजूर, वर गुलाबाच्या पाकळ्या. हे सगळं माझ्यात रचलं की मी काय दिसायचे म्हणून सांगू! प्रार्थना झाली की लहानथोर सगळे माझ्याभोवती जमत. माझ्यातला घास घेतल्याशिवाय कुणी घरी जात नसे.

प्रार्थना सांगायला हायमकाका येत. या लोकांच्या काही प्रार्थना एकट्याने म्हणताच येत नाहीत. रिवाजाप्रमाणे निदान दहा मोठे पुरुष हजर लागतात. त्याला ते मिन्यान म्हणतात. आणि गंमत अशी, की माणसांना एक, दोन, तीन असं मोजायचं नसतं. म्हणून हायमकाका दहा शब्दांचं एक वचन पुटपुटत, एकेका डोक्याला एकेक शब्द. शेवटचा शब्द उच्चारला गेला की प्रार्थना सुरू.

सिपोराबाईंचा धाकटा मुलगा नेहेमिया लहानपणी फार प्रश्न विचारी. एकदा त्याने विचारलं, "काका, देव एकट्याचं ऐकत नाही का?"

"ऐकतो ना. पण माणूस शेजारच्याचं ऐकत नाही, म्हणून देवानं दहा जणांना एका खोलीत बसवलं," हायमकाका म्हणाले. सगळे हसले. मला ते उत्तर तेव्हाच पटलं.

काय दिवस होते ते! देवळालीची, नाशिकरोडची कुटुंबं जमली की चपला ठेवायला जागा पुरत नसे. मग एकेक घर इस्राएलला गेलं. जाताना बायका सिपोराबाईंच्या गळ्यात पडून रडत आणि माझ्यातला मलिदा डब्यात भरून नेत. माझ्याभोवतीचे हात कमी कमी होत गेले.

आणि मग ते लग्न आलं. नेहेमियाच्या मुलीच्या लग्नाआधीचा मलिदा होता. मुंबईचे, अलिबागचे पाहुणे आले होते. थोरला भाऊ एझ्रा गंगापूर रोडवरून निघाला आणि द्वारका चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकला. इकडे हायमकाकांचं वचन पुरं झालं. नेहेमिया म्हणाला, "दहा झालेत, करा सुरू." एझ्रा पोचला तेव्हा मी घासूनपुसून पालथी पडले होते.

"दहा झाले म्हणजे अकरावा भाऊ नको, असंच ना?" एवढंच एझ्रा म्हणाला आणि पाणीही न पिता परत गेला. नेहेमियालाही राग आला. एवढ्याशा गोष्टीवरून पाहुण्यांसमोर शोभा केली म्हणे! अबोला धरला तो धरलाच. मला गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं. अंगावरची कल्हई गेली, एका कोळ्याने माझ्यात संसार थाटला. खरं सांगते, मला रडू येत असे.

गेल्या वर्षी सिपोराबाई गेल्या. दोन्ही मुलगे मातीला आले, पण बोलले नाहीत. शेवटच्या दिवसांत बाई एकच सांगत होत्या, "माझं कद्दीश दोघांनी मिळून म्हणा." कद्दीश म्हणजे गेलेल्या माणसासाठी मुलांनी म्हणायची प्रार्थना. तिच्यात मरणाचं नावही नाही, नुसती देवाची स्तुती आहे. पण ती म्हणायला दहा जण हवेतच.

आईला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी नेहेमियाच्या बायकोने, रिवकाने, मला खाली काढलं, चिंचेने घासलं, कल्हई करून आणली. मलिदा भरला. आता नाशिक आणि देवळाली मिळून कसेबसे दहा पुरुष उरलेत, तेही एझ्राला धरून. त्याला निरोप गेला होता. उत्तर आलं नव्हतं.

दिवस मावळला. थकलेल्या हायमकाकांनी वचन म्हणायला घेतलं. शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला. दहावं डोकंच नव्हतं.

"आता काय करायचं?" नेहेमियाने विचारलं. अंबडच्या कारखान्यात शंभर माणसांवर हुकूम चालवणारा हा माणूस, पण त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"करायचं काय? तिकडे भाऊजीही एकटेच बसले असतील. त्यांना तरी एकट्याला कुठे म्हणता येणार आहे?" रिवका म्हणाली. "ते येत नाहीत ना, मग आपण जाऊ. टोप्या घ्या, पुस्तकं घ्या. परात मी घेते."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी भरल्या अंगाने गाडीत बसले! द्वारका चौकात आम्हीही अडकलो. नेहेमिया पुढच्या दिव्यांकडे बघत होता. "दादा त्या दिवशी इथंच बसला असेल," तो हळूच म्हणाला.

एझ्राने दार उघडलं. त्याच्या डोक्यावर टोपी होती, आत आईच्या नावाचा दिवा लावलेला होता.

"दहा भरायला मला न्यायला आलास?" त्याने विचारलं.

"न्यायला नाही, दादा. आम्हीच आलोय. त्या दिवशी तुझ्यासाठी थांबायला हवं होतं. आज तू म्हणशील तेव्हा सुरू करू. तोवर बसतो."

एझ्राने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "दारात काय उभे राहिलात सगळे? या आत. रिवका, जड आहे ती, दे इकडे."

दोघा भावांनी कद्दीश म्हटलं. मध्येच एझ्रा अडखळला, तेव्हा नेहेमियाने त्याच्या वाटचे शब्द उचलले. बाकीचे "आमेन" म्हणाले. मग एझ्राने माझ्यातला पहिला घास घेतला. "खोबरं जास्त पडलंय," तो म्हणाला, "आईला आवडलं असतं." आणि तो हमसून रडू लागला. नेहेमिया त्याला बिलगून बसला.

मित्रांनो, भांडी घासूनपुसून ठेवा, हे मी म्हातारी सांगणारच. पण माणसांचंही बघा. पुरेशी जमली म्हणून लगेच सुरू करू नका. कोण यायचं राहिलंय ते आधी बघा. आणि ते रुसून बसलं असेल, तर भरलेली परात उचला आणि त्याच्या दारी जा. जड लागेल थोडी, पण नऊ जणांत सहज जाते.