कर्नलसाहेबांची दाढी

मी एक जुनी दाढी आहे. हनुवटी माझी नाही. ती दर वेळी वेगळी असते.

मित्रांनो, माझा जन्म पुण्यात झाला. केसरबाईंनी जाळीवर एकेक केस गुंफून मला घडवलं. मग उल्काताईंच्या बॅगेतून, भाजणीच्या पिठाला टेकून, मी कतारमध्ये, दोह्याला आले. तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी ऋषी झाले, दरोडेखोर झाले, एकदा अस्वलाची शेपूटही झाले. भरपूर टाळ्या घेतल्या. पुढे मंडळातल्या पुरुषांनी स्वतःच्याच दाढ्या वाढवल्या आणि मी अल हिलाल भागातल्या उल्काताईंच्या फ्लॅटमध्ये, कपाटात, बिघडलेल्या इस्त्रीखाली जाऊन पडले.

एके दिवशी उल्काताईंच्या लेकीला, ईश्वरीला, शाळेत एका थोर माणसाचा वेश करून भाषण करायचं होतं. तिच्या वाट्याला आले कर्नल एझरा व्हिटकोम, एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन वकील.

"हे कोण बुवा?" तिच्या बाबांनी, गिरीशरावांनी विचारलं.

सांगते. कर्नलसाहेबांनी पळून आलेल्या गुलामांचे खटले फुकट लढवले. युद्ध पेटल्यावर गुलामगिरीविरुद्ध बंदूक उचलली. परतल्यावर निवडणुकीत तीनदा आपटले, चौथ्यांदा निवडून आले. घोड्याची मात्र त्यांना शेवटपर्यंत भीती वाटायची.

ईश्वरीला भीती स्टेजची. मागच्या वर्षी ती एक शब्दही न बोलता खाली उतरली होती. तेव्हापासून वर्गात हातसुद्धा वर करत नव्हती.

मला इस्त्रीखालून काढून ईश्वरीच्या हनुवटीवर चिकटवलं. निघताना उल्काताई निरांजन घेऊन दारात उभ्या.

"आई, नॉट नाऊ!"

"लढाईला चाललेल्या माणसाला ओवाळल्याशिवाय पाठवतात का गं?"

"कपाळावर टोपी आहे! पिना लावल्यात!"

"मग दाढीला लावते." आणि माझ्यावर ओलं कुंकू टेकलं.

"यल्ला, चला, कर्नल!" गिरीशराव लिफ्ट अडवून ओरडले.

अबू हमूर भागातल्या तिच्या शाळेत पार्किंगपासून हॉलपर्यंत चालताना दमट हवेने मी चिंब झाले. कुंकू ओघळलं. स्टेजवर ईश्वरी थिजली. हनुवटी थरथरत होती; मला पक्कं माहीत आहे, मी तिथेच होते.

पहिल्या रांगेतल्या टीचर किंचाळल्या, "ओ माय गॉड, ब्लड!"

ईश्वरीने मला बोट लावून पाहिलं. "नो मिस," ती म्हणाली, "दॅट्स माय आई."

हॉल खदखदून हसला. ईश्वरीही हसली. मग तिने टीचरना औक्षण समजावून सांगितलं, आणि बोलायला लागलोच आहोत तर म्हणून कर्नलसाहेबांचा खटला लढवला, युद्ध जिंकलं, माईकच्या स्टँडला घोडा समजून घाबरून दाखवलं. शेवटी टीचरना "थँक यू, कर्नल, दॅट्स इनफ" असं दोनदा म्हणावं लागलं.

घरी आल्यावर तिने मला काढायला साफ नकार दिला. तशीच जेवायला बसली.

"कर्नल, अजून वरण?" गिरीशरावांनी अदबीने विचारलं.

"येस. अँड तूप," कर्नल म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला चारचौघांत बोलायची भीती वाटत असेल, तर आमच्यासारखीला कपाटातून खुशाल बाहेर काढा. आम्ही जीव ओतून काम करू. फक्त जेवणाआधी आम्हाला उतरवा. वाळलेलं वरण विंचरून निघत नाही.