आठ काउंट उजवीकडे

कंपनीत कुणाच्या कमरेचा घेर किती वाढला हे फक्त कपडेपटाच्या मावशींना ठाऊक असायचं, त्यामुळे त्यांच्याशी सगळे जपून बोलत. भले भले नर्तक त्यांच्यासमोर पोट आत ओढून उभे राहत आणि मावशी ओठांत धरलेल्या टाचण्यांमधून म्हणत, "सोड रे श्वास. गुदमरून मेलास तर हा अंगरखा दुसऱ्याच्या मापाचा करत बसावं लागेल मला."

अशा या मावशी, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. पण त्या मंगळवारी इस्त्री हातात घेऊन त्या जागच्या जागी थिजल्या आणि खालच्या झग्याचा जळका वास सुटला तरी त्यांना पत्ता नव्हता. शेजारच्या तालमीच्या खोलीत टीव्हीवर 'पूर' चालू होता.

'पूर' म्हणजे कंपनीच्या जुन्या मास्तरांनी एकतीस वर्षांपूर्वी बसवलेला बॅले. दर हंगामात दोन नवे बॅले बसवायचे आणि दोन जुने उकरून काढायचे, हा कंपनीचा नेम. नव्यांनी नाव मिळवावं, जुन्यांनी खुर्च्या भराव्यात. आता जुन्यांची पंचाईत अशी की नाच काही कागदावर राहत नाही, तो अंगात राहतो, आणि ज्यांच्या अंगात राहिला ती माणसं कुठल्या कुठे पांगलेली असतात. मग एखादी जुनी कॅसेट हाती लागली की तीच पोथी. कॅसेटमध्ये दिसेल तेच करायचं, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. 'पूर'ची एकच कॅसेट होती, अगदी पहिल्या प्रयोगाची, आणि तीही इतकी धुरकट की चेहरे म्हणजे नुसते पांढरे ठिपके.

"थांबवा! इथेच थांबवा!" नवे दिग्दर्शक ओरडले. हे गृहस्थ दोन पावलं दाखवायची तर आधी वीस मिनिटं बोलायचे, म्हणून पाठीमागे सगळी मंडळी त्यांना 'व्याख्यान' म्हणत. "बघा! बारा जणी म्हणजे पुराचं पाणी. सगळ्या डावीकडे वाहतायत. आणि ही तिसरी बघा. एकटी उजवीकडे! तालाचे आठ काउंट! अख्ख्या प्रवाहाच्या विरुद्ध एक बाई! अहो, मास्तरांची सगळी प्रतिभा या आठ काउंटमध्ये आहे. याच्यासाठी तर मी 'पूर' निवडला."

भिंतीपलीकडे मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. कारण ती तिसरी त्याच होत्या, आणि त्यात प्रतिभा-बितिभा काही नव्हती. त्या चुकल्या होत्या.

तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. वळायचं होतं डावीकडे, वळल्या उजवीकडे. मग जे सुचेल ते केलं, हात उचलले, एक गिरकी घेतली, आणि नवव्या काउंटला येऊन गुपचूप रांगेत मिसळल्या. पडदा पडल्यावर मास्तर सगळ्यांदेखत एवढंच म्हणाले, "ही उद्यापासून रांगेत नको." कपडेपटात माणूस हवंच होतं. मावशी तात्पुरत्या म्हणून तिथे जाऊन बसल्या त्या आजतागायत. घरी सांगितलं, गुडघा दुखावला. दुखऱ्या गुडघ्याला कुणी हसत नाही, चुकलेल्या पावलाला अख्खा गाव हसतो. थोरली बहीण अजून दर थंडीत त्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली पाठवते आणि मावशी ते तेल शिलाई मशीनला घालतात. मशीन कुरकुरत नाही हो अजिबात.

तर त्याच थोरल्या बहिणीची मुलगी कंपनीत होती. सहा वर्षं झाली, कायम मागच्या रांगेत. त्या दिवशी संध्याकाळी ती कपडेपटात धावत आली आणि तिनं मावशींना टाचण्यांसकट मिठी मारली.

"मावशी, मला सोलो मिळाला! 'पूर'मधली तिसरी मी! आठच काउंटचा आहे, पण सोलो तो सोलो. मागच्या रांगेतून सुटले बाई एकदाची!"

"छान झालं हो चिंगे," मावशी म्हणाल्या आणि त्यांचा जीव कासावीस झाला. खरं सांगावं तर सोलो जाणार. चुकीचा सोलो कुणी कुणाला देतं का? त्यांनी ठरवलं, अळीमिळी गुपचिळी.

गुपचिळी टिकलीही असती. पण रंगीत तालमीला मास्तर यायचे होते. रचनाकार हयात असेल तर शेवटची मान्यता त्याची, आणि त्याला जे खटकेल ते कापायचं, असा करारच होता. मास्तर ऐंशीचे झाले होते. गुडघे गेले होते, दात गेले होते, पण डोळे मात्र घारीचे होते. ते येणार, ते आठ काउंट बघणार, म्हणणार, "ही घाण अजून इथेच?" आणि चिंगी पुन्हा मागच्या रांगेत. मावशी आठवडाभर नीट जेवल्या नाहीत.

त्यातून दुसरंच एक दुखणं होतं. भाची ते आठ काउंट करायची अगदी चोख, पण परीक्षेला बसल्यासारखी. हात कॅसेटमधल्याइतकाच वर, गिरकी तेवढीच, मान तेवढीच. व्याख्यान म्हणायचे, "वा!" आणि विंगेतून बघणाऱ्या मावशींना वाटायचं, हिला गदागदा हलवावं. पण हलवणार तरी कुठल्या तोंडानं?

शेवटी त्यांनी डोकं लढवलं. प्रेक्षागृहात चौथ्या रांगेपाशी एक जाडजूड खांब होता. त्याच्या मागच्या खुर्चीतून रंगमंचाचा उजवा भाग दिसायचाच नाही. तालमीच्या दिवशी दुपारी मावशींनी त्या खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, पाठीला शाल घातली, पायाखाली पाट सरकवला. जावयाची सुद्धा कुणी अशी बडदास्त ठेवली नसेल. मास्तर काठी टेकत आले. त्यांनी खुर्ची बघितली, खांब बघितला, मावशींकडे बघितलं. मग दोन्ही उशा काखेत मारल्या आणि पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसले.

पहिला डाव वाया गेला. दुसरा होता चहाचा. संगीत मावशींना तोंडपाठ होतं. बारा जणींनी रांग धरली तसा त्यांनी वाफाळता कप उचलला आणि ऐन क्षणी मास्तरांच्या समोर, पदर पसरून, भिंतीसारख्या उभ्या राहिल्या.

"मास्तर, चहा."

"बाजूला हो."

"गरम आहे, आत्ताच घ्या."

"बाजूला हो म्हणतो ना!" मास्तरांनी काठीनं त्यांना असं सारलं की चहा बशीत सांडला. अकरा जणी डावीकडे गेल्या. भाची एकटी उजवीकडे गेली. आठ काउंट झाले. आणि मास्तरांनी काठी जमिनीवर आपटली.

"थांबवा!"

संगीत थांबलं. मावशींनी डोळे मिटून घेतले.

"हे कुणी..." मास्तरांनी सुरुवात केली, पण व्याख्यानांना कुठला दम धरवतोय! ते धावतच पुढे आले. "मास्तर, मला ठाऊक होतं तुम्ही इथेच थांबवणार! अहो, या आठ काउंटवर मी तीन पानी लेख लिहिलाय. एकतीस वर्षांपूर्वी, प्रवाहाविरुद्ध जाणारी बाई! सुचलं कसं तुम्हाला?"

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी रंगमंचावरच्या त्या कोवळ्या पोरींकडे पाहिलं. सगळ्या देवदर्शनाला आल्यासारख्या त्यांच्याकडे बघत होत्या. उघडं तोंड हळूच मिटलं आणि त्याचं हसू झालं.

"सुचलं म्हणजे," मास्तर खाकरले, "तीन रात्री झोपलो नव्हतो मी त्यासाठी."

अरे वा रे वा! मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पावलांसाठी यांनी एका पोरीचा नाच बंद केला, तीच पावलं आता यांची प्रतिभा? चोर तो चोर, वर शिरजोर! सगळं ओकून टाकावं असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं. मग त्यांचं लक्ष भाचीकडे गेलं. ती ओठ चावत उभी होती. मावशींनी राग गिळला आणि त्यांच्या डोक्यात एक बेरकी विचार आला. जो माणूस खोटं आठवतो, त्याला आणखी थोडं खोटं आठवून द्यायला काय हरकत आहे?

"मास्तर," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा असंही म्हणाला होतात ना, की बाकी काहीही कापा, पण या आठ काउंटना कधी कात्री लावायची नाही?"

मास्तरांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. नाही म्हणावं तर तीन रात्रींचं जागरण उघडं पडणार. "म्हणालो होतो," ते म्हणाले.

व्याख्यानांनी वहीत लिहून घेतलं. मावशींचं काम फत्ते झालं होतं. त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं. पण एकदा जीभ सैल सुटली की कुठली आवरते?

"आणि हे करणाऱ्या मुलीचं नाव कार्यक्रमपत्रिकेत वेगळं छापायचं, असंही म्हणाला होतात."

"असं?" मास्तरांचे डोळे बारीक झाले. "बरंच आठवतंय की तुला. मग तुला पावलंही आठवत असतील. ही मुलगी करते ते मढं आहे. उद्यापर्यंत त्यात जीव आला नाही, तर कापणार नाही मी, तिच्या जागी दुसरी उभी करीन. चढ वर. करून दाखव."

सापळा उलटला होता. बावन्न वर्षांच्या मावशी, मनगटावर टाचण्यांची उशी बांधलेली, सगळ्या कंपनीसमोर पायऱ्या चढल्या. नर्तकांत खसखस पिकली. कमरेच्या घेरांचे सगळे हिशोब आज चुकते होणार होते. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि तिसऱ्या जागी उभ्या राहिल्या. संगीत लागलं. अकरा जणी डावीकडे गेल्या.

मावशी उजवीकडे गेल्या. ती जुनी भीती अगदी तशीच्या तशी अंगात आली. एक, दोन. मग तिसऱ्याला हात आपोआप उचलला गेला, चौथ्याला मान वळली, आणि कंबर धरेल की काय हा विचार कुठल्या कुठे पळाला. गिरकी थोडी कलली, पण थांबली नाही. आठव्या काउंटला त्या धापा टाकत रांगेत आल्या तेव्हा त्या हसत होत्या. खसखस बंद झाली होती.

"मावशी," भाची पुटपुटली, "कॅसेटमधली ती... ती तू आहेस."

"म्हणजे मास्तरांनी हे तुमच्यावर बसवलं होतं?" व्याख्यानांनी विचारलं.

मास्तर काठीच्या मुठीकडे बघत राहिले. आता एक 'हो' म्हटलं की सगळ्यांची झाकली मूठ. पण मावशींनी भाचीचा चेहरा बघितला. ही पोरगी चोख पाठ केलेलं चोखच करत राहणार आणि उद्या सोलो घालवून बसणार. खरं सांगितल्याशिवाय हिला काही शिकवता येणार नव्हतं.

"बसवलं नव्हतं कुणी," त्या म्हणाल्या. "मी चुकले होते. ऐक चिंगे. पहिले दोन काउंट ही चूक आहे. तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता. तिसऱ्याला मला परत फिरता आलं असतं. पण फिरले नाही. पुढचे सहा काउंट मी माझ्या मनानं नाचले, कारण मला मजा यायला लागली होती. बास. यात प्रवाह नाही की बिवाह नाही."

व्याख्यानांच्या हातातली वही खाली पडली. मास्तर कष्टानं उठले आणि रंगमंचाच्या कडेपर्यंत आले.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "चुका दर प्रयोगाला होतात. दोन काउंटसाठी मी कुणाला काढलं नसतं. ते पुढचे सहा मला सोसले नाहीत. माझ्या चाळीस मिनिटांच्या बॅलेत तितकं चांगलं दुसरं काही नव्हतं. त्या प्रयोगानंतर तीन रात्री झोपलो नाही, ते खरंच आहे."

एकतीस वर्षं मावशी स्वतःला नाच न येणारी बाई समजत आल्या होत्या. त्यांना रडू फुटलं आणि त्याहून जास्त राग आला.

"मग हे तेव्हा सांगायला जीभ झडली होती का तुमची?"

मास्तरांशी असं कुणी बोललं नव्हतं.

"हो," मास्तर म्हणाले. "झडली होती." आणि त्यांनी मान खाली घातली.

मावशींनी पदरानं नाक पुसलं. "चिंगे, हो उभी. आणि हे बघ, मी कसं केलं ते आठवू नकोस. चूक, घाबर, आणि मग तुझं तू बघ."

संगीत पुन्हा लागलं. अकरा जणी डावीकडे गेल्या. भाची उजवीकडे गेली आणि दुसऱ्या काउंटला तिचा चेहरा खरोखर पांढराफटक पडला, कारण पुढचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिसऱ्याला तिनं हात उचललाच नाही. ती खाली वाकली, तळवा जमिनीला टेकला आणि तिथून अशी काही उसळली, की हे ना कॅसेटमध्ये होतं ना मावशींच्या अंगात. ती मोठ्यानं हसली. सात झाले, आठ झाले. नववा काउंट आला आणि भाची काही रांगेत परतली नाही.

"आठ!" व्याख्यान किंचाळले. "अगं, आठच आहेत!"

"गप्प बसा हो," मास्तर आणि मावशी एकदमच म्हणाले, "नाचू द्या तिला."