सॅम्युअल हार्परचा बाप

सॅम्युअल हार्पर दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या ओहायोत मेला, पण त्याचा बाप हुडकायचं काम आलं मोशीच्या गणराजवर. हिंजवडीतली त्याची कंपनी परदेशी लोकांचे पूर्वज शोधून द्यायची. सॅम्युअलच्या गावात हार्पर आडनावाचे दोघे निघाले. एक चर्चला जमीन देणारा जॉन, दुसरा घोडे चोरून तुरुंगात गेलेला एबेल. पुरावा कुणाचाच नव्हता. गिऱ्हाईक होत्या पंचाहत्तरीच्या एडिथबाई, सॅम्युअलच्या खापरपणती. त्या त्याच्या बापाच्या थडग्यावर नवी पाटी बसवणार होत्या. आता पाटीवर चोर कुणाला हवा असतो? गणराजनं बिनदिक्कत जॉनला बाप करून टाकलं आणि वर साहेबांची शाबासकी घेतली.

घरी आईपुढेही त्यानं फुशारकी मारली. सुभद्राबाईंनी ती सगळ्या इमारतीला ऐकवली. "माझ्या लेकरानं गोऱ्या माणसाला बाप मिळवून दिला!"

सर्वपित्री अमावस्येला त्यांनी एक पान जास्तीचं वाढलं. शेजारच्या शालनबाई जेवायला आलेल्याच होत्या.

"तुझ्या बापाचं नाव झालं," सुभद्राबाई म्हणाल्या. "आता त्या गोऱ्या सायबाच्या बापाचं नाव घे आन् पाणी सोड. इतकी वर्सं कुणी इचारलं न्हाई बिचाऱ्याला."

गणराजनं ओंजळीत पाणी घेतलं. समोर वडिलांचा फोटो होता. ऑफिसात सहज टाईप केलेलं नाव आता काही केल्या तोंडातून फुटेना.

"इसरलास व्हय?"

"नाही आई. मला माहीतच नाही. अंदाजानं एकाला बाप केलं. बरा दिसला म्हणून."

शालनबाई उगाच मिठाची वाटी सरकवू लागल्या. सुभद्राबाईंचा चेहरा उतरला. आई ओरडली असती तर बरं, असं गणराजला वाटलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाटी बसायच्या आत त्या बाईला कळव," त्या म्हणाल्या. "मग जेवाय बस."

त्यानं ओल्या हातानंच मोबाईल उघडला. एडिथबाईंचा निरोप सकाळीच येऊन पडला होता. गणराजचे खूप खूप आभार, आणि खाली फोटो. नवी कोरी पाटी, तिच्यावर जॉनचं नाव, आणि भोवती लेकीसुना, नातवंडं, सगळं खानदान मान लववून उभं.

सुभद्राबाईंनी चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला.

"गणराज," त्यांनी विचारलं, "ही लेकरं कुणाच्या बापाम्होरं उभी हायती रे?"

त्याच्या ओंजळीतलं पाणी केव्हाच गळून गेलं होतं.