काकूंचं ‘ठीक आहे’

रुग्णालयातून आलेल्या त्या पत्राला कोशकाकांनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्र साधं होतं. काकूंच्या कर्करोगावर एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. चाचणीच्या डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं, की रुग्ण आमच्यासमोर त्रास कमी करून सांगतात असं अलीकडच्या अभ्यासांत दिसतंय, तेव्हा घरच्या माणसानं आपल्याला काय दिसतं ते सहीनिशी कळवावं. चार ओळी पुरतील.

चार ओळी! उभा जन्म ज्ञानकोशाच्या कचेरीत घालवलेल्या माणसाला चार ओळी म्हणजे डोंगर. आधाराशिवाय वाक्य लिहायचं नाही, ही तिथली शिस्त हाडीमाशी खिळलेली. ‘पत्नीच्या पायांना बधिरपणा आला असावा’ असं लिहायचे, ‘असावा’ला आधार काय म्हणून खोडायचे आणि वाचनालयात जाऊन मज्जातंतूंवरचे लेख वाचत बसायचे. दुपार सरायची, कागद कोरा तो कोराच.

काकूंचं वाक्य मात्र ठरलेलं. तपासणीच्या वेळी सिस्टर विचारायची, “मुंग्या? बधिरपणा? बटणं लावताना त्रास?”

“छे गं, सगळं ठीक आहे.”

त्याच सकाळी काकूंच्या स्वेटरची बटणं लावून दिलेले काका शेजारी बसून छताकडे बघायचे. परतताना बसमध्ये मात्र उखडायचे. “अगं, खोटं का बोलतेस?”

“ती पोरगी एवढ्या मायेनं विचारते, तिच्यापुढे काय रडगाणं गायचं?”

“पाहुण्यांनी ख्यालीखुशाली विचारावी तसं नाही विचारत ती!”

“मग तुम्ही सांगा की. तुमचं तोंड कुणी शिवलंय?”



एके सकाळी काकांनी काकूंचे पाय शेकायला टबात कढत पाणी ओतलं आणि गार पाणी आणायला आत गेले. येऊन बघतात तर काकू पाय बुडवून निवांत वर्तमानपत्र वाचतायत. काकांनी पाण्यात बोट घातलं आणि झटक्यात मागे घेतलं.

“पाय काढ! भाजतंय!”

“काहीतरीच. कोमट तर आहे.”

पाय लालबुंद झाले होते. त्यांवर गार पाण्याची धार धरून काका ओरडले, “ठीक आहे, ठीक आहे! डोंबलाचं ठीक आहे!”

काकूंनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाल्या, “सांगितलं तर औषध बंद करतील. गाठ लहान होतेय, अहो. पाय गेले तरी चालतील मला.”

काकांना काकूंचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. फोनला बिचकणाऱ्या त्या माणसानं सिस्टरला फोन लावला.

“बंद करतील असं कुणी सांगितलं?” सिस्टर वैतागली. “मात्रा कमी करतात. जवळच्या दवाखान्यात जाऊन आधी पाय दाखवा. आजची गोळी देऊ नका, डॉक्टरबाईंना मी आत्ताच सांगते. पण किती कमी करायची, ते हे कधीपासून आहे त्यावर ठरणार, आणि आमच्या नोंदीत तर काकू ठणठणीत! अशाच नोंदींवरून उद्या सरकार सगळ्यांसाठी मात्रा ठरवणार. तुम्हाला पत्र पाठवलं होतं ना?”

“उत्तर लिहीतच होतो.”

“अजून?”

दवाखान्यातून आल्यावर काका पत्र लिहायला टेबलाशी बसले. पट्ट्या बांधलेले पाय स्टुलावर ठेवून काकू कागदात डोकावल्या.

“‘बहुधा’ काढा. पाय माझे आहेत, तुमच्या कोशातले नाहीत. लिहा, थंडी सुरू झाली तेव्हापासून बटणं लागत नाहीत. चप्पल पायातून निसटते, कळत नाही. आज पाय भाजले, तेही कळलं नाही.”

“आणि इतके दिवस लपवलंस, ते?”

“तेही लिहा,” काकू कुरकुरत म्हणाल्या. “पण औषध बंद करू नका, हेही लिहा. ठळक.”

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट अर्धं आत सरकवून काका थबकले. ‘निसटते’ म्हणावं की ‘गळून पडते’? फाडून बघावं का एकदा?

“आजोबा, टाकताय का?” मागे उभ्या असलेल्या बाई कंटाळून म्हणाल्या. “बस चुकेल माझी.”

“हो, हो, माफ करा,” म्हणत काकांनी पाकीट सोडून दिलं.